मस कुठल्या गालावर

मेकअपदादांना कुणी बसा म्हटलं की ते बसत, पण ते बसणं म्हणजे पुन्हा उठायची तयारी असे. दोन मिनिटांत उठून ते समोरच्याच्या खांद्यावरचा केस काढत, भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करत, आणि काहीच वाकडं सापडलं नाही तर उघडी खिडकी लावून पुन्हा उघडत. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवर एक्केचाळीस वर्षं काम केलेल्या हातांना रिकामं राहवत नाही, असं त्यांचं म्हणणं. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती सांगायची, "मला बघायला आले तेव्हा सगळे गप्प, आणि ह्यांच्या तोंडून पहिलं वाक्य काय, तर डावी भुवई जरा वर आहे."

वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मुलानेही पाट्याच रंगवाव्यात अशी त्यांची इच्छा होती, कारण पाटी हलत नाही, घामाघूम होत नाही आणि आरशात बघून नाक मुरडत नाही. मुलगा सतराव्या वर्षी एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर गेला. तिथे चार वर्षं टोप विंचरले, मिशा विणल्या, डिंकाने बोटं चिकटवून घेतली आणि मग सिनेमात आला. त्याला लोक आधी 'अरे' म्हणत, मग 'मेकअपवाला', मग 'दादा'. खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं.

दादांच्या हाताखालून गेलेला सगळ्यात मोठा चेहरा नटवर्यांचा. नटवर्य ही पदवी लोकांनी दिली असं नटवर्य सांगत, आणि लोकांना ती नटवर्यांकडूनच कळली होती. त्यांनी पडद्यावर अकरा थोर माणसं केली होती: दोन राजे, एक सेनापती, एक शास्त्रज्ञ, तीन पंतप्रधान, एक वैमानिक आणि असेच आणखी तीन. "जो माणूस कधी जगलाच नाही, त्याला मी कसा जगणार?" असं ते मुलाखतीत विचारत. तरुणपणी त्यांनी एकदा काल्पनिक माणूस केला होता. तो चित्रपट तीन दिवस चालला होता, हे मुलाखत घेणाऱ्याला माहीत नसे.

थोर माणूस एकदा अंगात शिरला की नटवर्यांच्या अंगातून लवकर निघत नसे. सेनापतीनंतर वर्षभर ते कुठल्याही दारासमोर थबकून दुसऱ्याने दार उघडायची वाट बघत. पंतप्रधानांनंतर घरात भाजी काय करायची यावरही 'विचार करू' म्हणत. घरच्यांना त्यातल्या त्यात शास्त्रज्ञ आवडला, कारण तो बोलत नसे.

पण नटवर्य नटवर्य झाले ते खिळेवाल्यांमुळे.

खिळे म्हणजे छपाईचे, एकेका अक्षराचे. शंभरेक वर्षांपूर्वी, परक्यांचं राज्य असताना, या गृहस्थांचा एका गल्लीत छोटा छापखाना होता आणि ते एक वर्तमानपत्र काढत. सरकारने छापखान्याला कुलूप ठोकलं तेव्हा त्यांनी शिशाचे खिळे कोटाच्या खिशांत भरले आणि रोज वेगळ्या घरी बसून अंक काढला. कोट इतका जड व्हायचा की चालताना ते एका अंगाला झुकत. लोक त्यांना खिळेवाले म्हणू लागले.

त्यांचा जगात एकच फोटो. टेबलामागे उभे आहेत, पुढे मथळ्याची मोठी लाकडी अक्षरं चौकटीत जुळवून ठेवली आहेत, आणि डाव्या गालावर वाटाण्याएवढा मस.

बावीस वर्षांपूर्वी तो फोटो दादांच्या हातात आला तेव्हा त्यांनी घाई केली नाही. जुने फोटो काचेवरून छापत, आणि काच उलटी धरली गेली की माणसाची डावी बाजू उजवी होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका राजाची तलवार फोटोत भलत्या बाजूला दिसते, हे त्यांनी असंच ओळखलं होतं. इतिहासाचे दोन प्राध्यापक तोंडात बोट घालून बघत राहिले होते. तेव्हा इथेही त्यांनी भिंग घेतलं आणि टेबलावरची अक्षरं तपासली. 'आजही अंक निघेल.' सुबक, सरळ, डावीकडून उजवीकडे वाचता येत होती. अक्षरं सरळ, म्हणजे फोटो सरळ, म्हणजे मस डावीकडे. ही हुशारी त्यांनी पुढे निदान दोनशे जणांना ऐकवली.

मस त्यांनी रबराचा द्रव आणि कापूस यांचा केला, वर एक केस रोवला. चित्रीकरण भर उन्हाळ्यात होतं. घामाने डिंक सुटायचा आणि मस जबड्याकडे प्रवासाला निघायचा. दादा शेवटी वैतागून म्हणाले, "साहेब, अधूनमधून अंगठ्याने दाबत राहा." नटवर्य दाबत राहिले. आता नुसतं दाबलं तर बरं दिसत नाही, म्हणून दाबताना ते दूर कुठेतरी बघत.

चित्रपट तुफान चालला. समीक्षकांनी 'खिळेवाल्यांची ती चिंतनमुद्रा' असं लिहिलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं कोळशाचा ठिपका लावून गालावर अंगठा टेकवू लागली. पाठ्यपुस्तकात चित्र आलं, टपालाचं तिकीट आलं, आणि मोठ्या चौकात पुतळा बसला: जड कोट, एका अंगाला झुकलेला, डावा अंगठा डाव्या गालावर. चेहरा नटवर्यांचा होता हे सगळ्यांना दिसत होतं, पण कुणाला खटकलं नाही. दादा कामाला जाताना मुद्दाम त्या चौकातून जात. पुतळा कुणाचा का असेना, मस त्यांचा होता.

मग खिळेवाल्यांच्या म्हातारपणावर दुसरा चित्रपट निघाला. नटवर्य आता वयाने तिथवर पोचलेच होते. ही शेवटची कामगिरी, मग हात धुऊन घरी बसायचं, असं दादांनी जाहीर केलं. बायको म्हणाली, "बसणार? कोण, तुम्ही?"

चित्रीकरणाआधी आठवडाभर खिळे जुळवण्याचा सराव ठेवला होता. शिकवायला खिळेवाल्यांची खरीखुरी नात बोलावली होती. वय एकोणऐंशी. लहानपणी आजोबांच्या हाताखाली, आणि पुढे चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या छापखान्यांत, तिने खिळे जुळवले होते. सगळे त्यांना नातबाई म्हणू लागले. एवढ्या वयात कुणाची तरी नात म्हणून ओळखलं जाणं त्यांना गमतीचं वाटत असावं. त्यांनी हरकत घेतली नाही.

पहिल्या दिवशी त्या रंगपटाच्या खोलीत आल्या. आरशाभोवतीच्या दिव्यांपैकी तीन गेलेले, खुर्चीवर पावडरने पांढरा झालेला टॉवेल, आणि आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला तो एकमेव फोटो. नातबाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती विटेसारखी वाजली.

"हा इथे तुम्ही लावलात?"

"मीच," दादा म्हणाले, आणि दोनशे एकाव्यांदा गोष्ट सुरू झाली: काच, राजाची तलवार, भिंग, अक्षरं. नातबाई फोटोच्या आणखी जवळ सरकल्या.

"म्हणजे अक्षरं तुम्ही स्वतः वाचलीत?"

"वाचली ना. 'आजही अंक निघेल.' स्वच्छ."

"सरळ?"

"अगदी सरळ."

नातबाईंनी पिशवीतून बोटभर उंचीचं एक लाकडी अक्षर काढलं आणि दादांच्या तळहातावर ठेवलं. "हे कुठलं?"

दादांनी ते जवळ धरलं, लांब धरलं, फिरवलं. "ग आहे की काय... पण उलटा आहे."

"उलटाच असतो. उलटा असतो म्हणून कागदावर सुलटा उठतो. जुळवलेल्या अक्षरांचा फोटो काढला तर त्यात ती उलटी दिसायला हवीत. तुमच्या फोटोत सुलटी दिसतायत." त्यांनी चष्मा पुसला. "मग उलटं काय झालंय, रंगवाले?"

दादा फोटोकडे बघत राहिले. बावीस वर्षांची हुशारी उन्हाळ्यातल्या मसासारखी हळूहळू खाली सरकली.

"उजव्या गालावर होता," नातबाई म्हणाल्या. "मी त्यांच्या उजव्या मांडीवर बसायचे आणि बोटाने तो दाबायचे. दाबला की ते तोंडाने घंटी वाजवायचे. अकरा वर्षांची होईपर्यंत वाजवली. मग ते गेले."

"पण मग तुम्ही तेव्हाच बोलायचं होतंत! बावीस वर्षं..."

"तीन पत्रं लिहिली कंपनीला. पहिल्याला उत्तर म्हणून तुमच्या नटाचा सहीचा फोटो आला. दुसऱ्यालाही आला. तिसऱ्या वेळी मी लिहिलं की फोटो पाठवू नका, तर काहीच आलं नाही."

"आणि ते अंगठा टेकवायचं? ते तरी?"

"दिवसभर हात शाईत. गालाला लावले असते तर काय झालं असतं? नाकावर माशी बसली तरी मला हाक मारायचे. ती मी उडवायची."

त्या दिवसापासून दादांच्या जिवाला चैन पडेना. घरी येऊन त्यांनी चपला काढल्या, पुन्हा घातल्या, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. बायको निवृत्त शिक्षिका; वर्गात कोण चुळबुळ करतंय हे तिला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं.

"काय झालंय?"

"काही नाही."

"मग चहात कुंचला का ढवळताय?"

दादांनी सगळं सांगितलं. सांगताना ते हातातल्या आरशात स्वतःचा गाल बघत होते, कधी हा, कधी तो. बायको ऐकता ऐकता गंभीर झाली.

"अहो, पाचवीच्या वर्गात एका मुलीने खिळेवाल्यांचं चित्र काढलं होतं. मस उजवीकडे. मी अर्धा गुण कापला."

"तिला कसं माहीत?"

"माहीत कसलं! डावं-उजवं कळायचं नाही तिला, चपलासुद्धा उलट्या घालायची. पण बरोबर तीच होती ना." तिने त्यांच्या हातातला आरसा काढून घेतला. "तुमच्यापायी मी एका पोरीचा अर्धा गुण खाल्ला."

"आता माझ्यापायी?"

"मग काय माझ्यापायी? भिंग कोणाच्या हातात होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा चौकात गेले. पुतळ्याच्या डोक्यावर कबूतर होतं, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. एक बाप आपल्या छोट्या मुलीला उचलून दाखवत होता, "बघ, कसे विचार करतायत!" डिंक दाबतायत हो, असं दादांच्या ओठांवर आलं. बावीस वर्षं छाती फुगवून पाहिलेला तो मस आता त्यांना स्वतःच्या गालावर असल्यासारखा टोचत होता. देशातल्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक पाकिटावर त्यांच्या हातची एक चूक होती, आणि ती चूक आहे हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक एकोणऐंशी वर्षांची होती. तिच्या डोळ्यांदेखत एकदा तरी मस जागेवर गेला पाहिजे, एवढं एकच दादांच्या डोक्यात बसलं. पुन्हा संधी नव्हती. यानंतर ना त्यांच्या हाती चेहरा येणार होता, ना तिच्या हाती वर्षं.

ते दिग्दर्शकाकडे गेले. दिग्दर्शक तरुण, हुशार, आणि पाया पडून नकार देणारा.

"दादा, तुमचं सगळं पटलं. पण लोकांना डावीकडचा माहीत आहे. उद्या आपण उजवीकडे लावला तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"मेकअपवाला चुकला."

चुकला होताच, फक्त आत्ता नाही.

नटवर्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्यात त्या दिवशी कोणीतरी पंतप्रधान होते.

"अकरा थोर माणसं केली मी. त्यांच्यापैकी एकानेही आजवर तक्रार केली नाही."

"साहेब, ती त्यांची सख्खी नात आहे."

"तिचे ते आजोबा असतील. पण खिळेवाले मी आहे. बावीस वर्षं मी डावीकडून खिळेवाले आहे. माझं चालणं, मान, अंगठा, सगळं त्या बाजूने बांधलंय. तू मला म्हणतोस, घराचं दार मागे न्या."

"एकाच प्रसंगात, साहेब. शेवटच्या. त्या दिवशी त्या हजर असणार आहेत."

"दादा, तुला थकवा आलाय. नसेल जमत तर सांग, मी दुसरा माणूस बघतो."

एवढ्या वर्षांत हे वाक्य दादांनी नटवर्यांच्या तोंडून फक्त इतरांसाठी ऐकलं होतं. ते रंगपटात परतले आणि सगळे कुंचले धुवायला काढले. कुंचले धुतलेलेच होते.

पण गोष्ट फिरली ती शाईने. सरावाच्या चौथ्या दिवशी नटवर्य अक्षरं जुळवून, वर शाईचा रूळ फिरवून, कागद दाबून उचलायला शिकत होते. दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. नातबाई म्हणाल्या, "आता पुढची ओळ काय लावायची याचा विचार करा." नटवर्यांनी विचार केला, म्हणजे दूर बघितलं आणि अंगठा डाव्या गालावर टेकवला. काढला तेव्हा गालावर रुपयाएवढा काळा डाग उमटला होता, अंगठ्याच्या रेघांसकट.

नातबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "छान उठलाय," त्या म्हणाल्या. "पण अंक कागदावर काढायचा असतो हो."

दादा ओलं फडकं घेऊन धावले. पुसताना त्यांना नटवर्यांचा जबडा घट्ट झालेला लागला. शाई निघाली, पण त्या दिवसानंतर नटवर्यांचा हात गालाकडे निघे, अर्ध्या वाटेवर थांबे आणि मग त्याला कुठे जावं ते कळत नसे. तो कधी कोटाचं बटण धरी, कधी कान. बावीस वर्षांची चिंतनमुद्रा गेली आणि चिंता तेवढी उरली. आता रंगपटात दोन अस्वस्थ माणसं होती. एक उठबस करायचा, दुसरा खुर्चीत बसल्या बसल्या हात लपवायला जागा शोधायचा.

शेवटच्या प्रसंगाच्या आदल्या दिवशी नटवर्य डोळे मिटून खुर्चीत बसले होते. दादा टोप बसवत होते.

"ते हातांचं काय करायचे रे?"

"कोण, साहेब?"

"ते. खरे. विचार करताना."

"नातबाई म्हणतात, काही करायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे. तळवे वर."

नटवर्यांनी हात मांडीवर ठेवले, तळवे वर. बराच वेळ तसेच ठेवले. "फार उघडं वाटतं," ते म्हणाले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "उद्या उजवीकडे लाव. आणि कुणी सुचवलं असं सांगू नकोस, मला ते आपोआप जाणवलं असं सांग."

नटवर्यांना आपोआप जाणवलेल्या गोष्टीपुढे दिग्दर्शकाचं काही चालणं शक्य नव्हतं. तो डोकं धरून दोन मिनिटं बसला आणि मग उजळला. "काही हरकत नाही! लावा उजवीकडे. संकलनात अख्खं दृश्य उलटवून घेऊ, आरशासारखं. पडद्यावर मस डावीकडेच दिसेल."

दादांचा चेहरा उतरला. शेजारी बसलेल्या नातबाई मात्र कुतूहलाने पुढे झुकल्या.

"उलटवायचं म्हणजे सगळंच उलटतं का हो?"

"सगळंच, आजी."

"टेबल, खुर्ची?"

"सगळं."

"खिळेसुद्धा?"

"खिळेसुद्धा. काळजी करू नका, कुणाच्या लक्षात येत नाही."

"बरं," नातबाई म्हणाल्या. "मग तो मथळा मीच जुळवून ठेवते उद्या. 'आजही अंक निघेल' हाच ना? नेमक्या जागी बसला पाहिजे."

"तुम्ही जुळवणार? वा! याहून मोठं काय हवं?"

चित्रीकरणाच्या दिवशी दादा पहाटेपासून हातात चिमटा घेऊन फिरत होते. नटवर्यांना खुर्चीत बसवल्यावर त्यांचा हात सवयीने डाव्या गालाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी खुर्चीला वळसा घातला, पलीकडे उभे राहिले, डिंक लावला आणि मस उजव्या गालावर ठेवला. आरशातल्या माणसाकडे बघून त्यांना ओळख पटेना. नटवर्यांनाही पटली नसावी, कारण ते एरवीसारखं 'झालं का?' म्हणाले नाहीत. कोण बसलंय ते दोघांनाही पाहायचं होतं.

चित्रीकरणासाठी मांडलेल्या खोलीत टेबल, कंदील, कोट होते, आणि नातबाई चौकटीतली शेवटची अक्षरं ठोकून बसवत होत्या. दादांना ती ओळ फोटोतल्यापेक्षा जरा लांब वाटली, पण उलटी अक्षरं आपल्याला कुठे वाचता येतात, हे आता त्यांना चांगलंच माहीत होतं. ते गप्प बसले. म्हणजे उभे राहिले.

नटवर्य टेबलामागे बसले. नातबाई जवळ गेल्या आणि उजव्या बाजूला उभ्या राहून बघत राहिल्या.

"दाबू का?"

"दाबा," नटवर्य म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

नातबाईंनी तर्जनी पुढे केली, मस हलकेच दाबला आणि बोट मागे घेतलं. मस बोटाबरोबर आला. गेल्या आठवड्यात नटवर्यांनी अंगठ्याची सवय मोडली होती आणि डिंकाने आपली मोडली नव्हती.

दिग्दर्शक कपाळावर हात मारून ओरडला. नातबाई बोटाच्या टोकावरच्या मसाकडे, त्यातल्या एका केसाकडे निरखून बघत होत्या.

"केस बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हा मी ठेवू?"

दादांनी मान डोलावली. त्यांच्या डबीत दुसरा तयार होता. तो लावून त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरला आणि मनात शंभर मोजले. इतका वेळ ते एका जागी स्थिर उभे राहिलेले याआधी कुणी पाहिले नव्हते. मग ते बाजूला झाले. नातबाईंनी पुन्हा दाबला. या वेळी तो जागेवर राहिला, आणि नटवर्यांनी, संहितेत नसताना, तोंडाने घंटी वाजवली.

"एवढ्या मोठ्याने नाही वाजवायचे," नातबाई म्हणाल्या, आणि पाठ करून त्या मांडलेल्या खोलीबाहेर निघून गेल्या. बराच वेळ त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

पुढचं चित्रीकरण सुरळीत पार पडलं. नटवर्यांनी हात टेबलावर ठेवले होते, तळवे वर.

चित्रपट लागला तेव्हा दादा बायकोला घेऊन दुपारच्या पहिल्या खेळाला गेले. नटवर्य दिग्दर्शकाबरोबर पुढच्या रांगेत होते. नातबाईंना गुडघ्यांनी येऊ दिलं नव्हतं. दादांची चुळबुळ पडद्यावर नावं यायच्या आधीच सुरू झाली. खुर्चीची पाठ मागे-पुढे, चष्मा वर-खाली. बायकोने त्यांचा डावा हात धरून ठेवला, तर त्यांनी उजव्याने पुढच्या खुर्चीवरचा दोरा ओढायला घेतला.

शेवटचा प्रसंग आला. दृश्य उलटवलं होतं, ठरल्याप्रमाणे. म्हातारे खिळेवाले कंदिलाच्या उजेडात बसले होते आणि मस डाव्या गालावर होता, जिथे तो पुतळ्याला, तिकिटाला आणि पाचवीच्या पुस्तकाला होता. दादांनी मान खाली घातली. दुसऱ्यांदा चूक झाली, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून.

मग कॅमेरा टेबलावरच्या चौकटीकडे सरकला. मथळ्याची मोठी लाकडी अक्षरं पडदाभर झाली. दृश्याबरोबर तीही उलटली होती, म्हणजे उलट्याची सुलटी झाली होती, म्हणजे प्रत्येकाला वाचता येत होती.

मागच्या रांगेत दुसरी-तिसरीतली एक मुलगी होती. त्या वयाची मुलं दिसेल ते मोठ्याने वाचतात.

"म-स... उ-ज-व्या... गा-ला-व-र."

उलटवून घेतल्यावर ते दृश्य दिग्दर्शक आत्ताच पहिल्यांदा बघत होता; पुढच्या रांगेत तो ताडकन उठला आणि मागच्यांनी 'बसा, बसा' केल्यामुळे बसला. नटवर्यांचा अंगठा गालाकडे निघाला होता. तो हवेतच राहिला.

"आई," ती मुलगी म्हणाली, "उजव्या गालावर लिहिलंय. पण त्यांना तर डावीकडे आहे!"

"हळू बोल. मेकअपवाला चुकला असेल."

दादा खुर्चीत पूर्ण मागे वळले. बायकोने त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"बरोबर," ते त्या बाईंना म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वीच."